मधला रिपोर्ट

“कुठलीही गोळी न घेता!” निखिल सर माईकवर म्हणाले आणि कॅन्टीनच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी स्टेजच्या कडेला शाल-नारळाचं ताट धरून उभी होते. ताट टेबलावर ठेवलं आणि मीही टाळ्या वाजवल्या.

सत्कार चालला होता नामदेव कोळपे यांचा. प्रेस शॉपचे क्रेन ऑपरेटर. गळ्यात हार घालून मान खाली घालून उभे होते. टाळ्या चालू असताना त्यांनी एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. रोज सकाळी पावणेसातला माझ्या टेबलासमोर उभं राहून हा माणूस कोलेस्ट्रॉलची गोळी घेत होता. त्या दिवशी सकाळीही घेतली होती. गोळी माझ्या ड्रॉवरमधली होती आणि पाण्याचा ग्लास मीच भरून दिला होता.

हे सांगायला मला फार उशीर झालाय. तरी सांगते.

मी गायकवाड सिस्टर, दौंडची. वडील रेल्वेत होते. पोरीनं शिकून स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हे आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसवून सांगितलं जायचं, त्यामुळं नर्सिंग केलं. काही वर्षं दवाखान्यांत काढली आणि मग शिक्रापूरच्या बाजूच्या एका कंपनीत ओएचसीला लागले ती रिटायर होईपर्यंत तिथंच. ओएचसी म्हणजे कंपनीतला दवाखाना. दोन खाटा, ईसीजीचं मशीन, औषधांचं कपाट आणि दारात ॲम्ब्युलन्स. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे, बाकीचे दिवस राज्य माझं. कुणाचं बोट कापलं, कुणाच्या डोळ्यात कण गेला, उन्हाळ्यात कुणाला चक्कर आली, सगळे माझ्याकडं. माझं तोंड फटकळ आहे असं लोक म्हणतात. आहेच. म्हणून तर त्या दिवशी ते नेमकं बंद का राहिलं, हे मला जास्त लागतं.

सुरुवात झाली आदल्या जूनमध्ये, वार्षिक मेडिकलला. कंपनीत वर्षातून एकदा सगळ्यांची तपासणी होते. क्रेनवाल्यांची जरा कडक. डोक्यावरून काही टनांचा डाय नेणाऱ्या माणसाला वर केबिनमध्ये भोवळ आली तर खालच्यांचं काय? डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा. कोळपे आप्पा चोवीस वर्षं क्रेनवर होते. तान्ह्या लेकराला पाळण्यात ठेवावं तसा ते डाय मशीनवर ठेवायचे. नवीन ऑपरेटर आला की सुपरवायझर त्याला आधी आठवडाभर खाली उभा करून आप्पांचं काम बघायला लावायचे.

आप्पांचा रिपोर्ट बघून मी चष्मा पुसून परत बघितला. एलडीएल एकशे अठ्ठ्याण्णव. लोक “कोलेस्ट्रॉल किती?” एवढंच विचारतात, पण रिपोर्टमध्ये चार-पाच आकडे असतात आणि त्यातला आम्ही आधी एलडीएल बघतो, कारण रक्तवाहिन्यांत बसत जातं ते हे. शंभरच्या आसपास असेल तर बरं. एकशे नव्वदच्या पुढं गेलं की डॉक्टर सहसा वाट बघत नाहीत, गोळी लिहितात.

आप्पांना बोलावलं. माणूस काटक, पोट नावाला नाही. ऐकून हसायलाच लागले. अंगावर चरबी नाही तर रक्तात कुठून येईल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आप्पा, तुमच्या उसाला ठिबक आहे ना? बोअरच्या पाण्याचा क्षार नळीत धरतो तो बाहेरून दिसतो का? नळी बाहेरून काळीभोर, नवी, आणि आतून पाणी बंद. हे त्यांना पटलं. राहूला, त्यांच्या गावी, दोन एकर बागायत होतं. आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, वडिलांनी मेंढरं विकून जमिनीला हात घातला, आणि आप्पा कंपनीत लागले तरी सुट्टीचा दिवस मळ्यातच.

मग डॉक्टरांनी घरचं विचारलं. तेव्हा कळलं की त्यांचा थोरला भाऊ एक्कावन्नाव्या वर्षी बांधावर बसल्या बसल्या गेला होता. वडीलही असेच, साठीच्या आत. डॉक्टर माझ्याकडं बघून इंग्रजीत म्हणाले की हे घराण्यातलं दिसतंय. म्हणजे काय, तर काहींच्या बाबतीत कोलेस्ट्रॉल खाण्यातून कमी आणि स्वतःच्या लिव्हरमधून जास्त येतं. तो कारखाना आतच असतो. पथ्य करा, चाला, थोडा फरक पडतो; पण कारखाना हळू करायचं काम गोळीच करते. आणि गोळी बंद केली की काही आठवड्यांत कारखाना परत जोरात.

आप्पा गोळीला तयार नव्हते. त्यांच्याकडं गोळी चालू होणं म्हणजे माणूस कामातून जाणं. ते डॉक्टरांना हात जोडून म्हणाले, “सायेब, दोन म्हैने द्या. पथ्यानं न्हाई झालं तर तुमी म्हणाल ती गोळी घेतो.” डॉक्टरांनी नाइलाजानं दोन महिने दिले.

आणि काय सांगू, त्या माणसानं पथ्य पाळलं ते देवाची शपथ घातल्यासारखं. कॅन्टीनचा वडा बंद. बिडी बंद. रविवारचं मटण पंधरा दिवसांवर नेलं आणि वजडीला, म्हणजे बोकडाच्या आतड्या-पोटाच्या रश्श्याला, हात लावला नाही, ज्या वजडीसाठी ते पाहुण्यांच्यात भांडण काढत. त्यांच्या मंडळींना, गयाबाईंना, मी फोनवर तेलाचं सांगितलं, तर त्यांनी भाजीवर तर्री येणंच बंद केलं. कंपनीची गाडी फाट्यावर सोडते, तिथून वस्तीपर्यंत तीन किलोमीटर. आधी पोरगा गाडीवर न्यायला यायचा, आता आप्पा दोन्ही वेळा चालत. दोन महिन्यांत बेल्टचं भोक बदललं. मी पण खूश.

ऑगस्टमध्ये परत रक्त काढलं. एलडीएल एकशे एकाहत्तर.

आप्पांचं तोंड एवढंसं झालं. मलाही वाईट वाटलं. एवढं करून सत्तावीसच कमी? डॉक्टर म्हणाले, हे पथ्यानं जेवढं व्हायचं तेवढं झालंय, आता गोळी. आप्पांनी शब्द दिला होता, तो पाळला. पण अट घातली की कुणाला कळता कामा नये. घरी स्ट्रिप दिसली तर गयाबाई भावाची आठवण काढून रडत बसतील आणि शॉपमध्ये दिसली तर पोरं “आप्पाचं मशीन बिघाडलं” म्हणून टर उडवतील. म्हणून मग स्ट्रिपा माझ्या ड्रॉवरमध्ये आणि डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या फाइलला. फर्स्ट शिफ्ट सातची, सेकंडला असले तर दुपारी यायचे. आत यायचं, गोळी, पाणी, आणि “चला सिस्टर.” बस. पथ्य आणि चालणंही चालूच होतं.

जानेवारीत तिसरा रिपोर्ट आला. अठ्ठ्याऐंशी. मी आप्पांना बोलावून आकडा दाखवला आणि पेढा दिला, अर्धाच. त्यांनी कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाले, “आमच्यात साठी कुणी बघितली न्हाई, सिस्टर. म्या बघतो आता.” मी म्हटलं, ऐंशी बघाल, फक्त गोळी सोडायची नाही.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. इथंच गोष्ट संपायला हवी होती.

त्याच महिन्यात एचआरला निखिल सर नवीन आले. वयानं माझ्या भाच्याएवढे. माणूस वाईट नव्हता, उत्साही होता, आणि उत्साही साहेब म्हणजे खालच्यांना ताप. त्यांनी वेलनेस मंथ काढला. रोज दहा मिनिटं व्यायाम, कॅन्टीनमध्ये मोड आलेली मटकी, असं सगळं. महिन्याच्या शेवटी कार्यक्रम, हेड ऑफिसचे पाहुणे, आणि त्यांना हवी होती एक सक्सेस स्टोरी. ते ओएचसीत आले आणि विचारलं, मॅडम, आपल्याकडं कुणी कोलेस्ट्रॉल, शुगर असं काही कमी केलंय का? माझ्या तोंडून कोळपेंचं नाव गेलं. अभिमानानंच गेलं. आप्पांना मी आधी विचारलं नव्हतं.

मी त्यांना तिन्ही रिपोर्ट दाखवले. त्यांनी पहिल्या आणि शेवटच्या रिपोर्टचे मोबाइलवर फोटो काढले. मधला बाजूला ठेवला.

मी म्हटलं, “सर, पथ्यानं एकशे एकाहत्तरपर्यंतच आलं होतं. पुढचं गोळीनं झालंय.”

“मॅडम, गोळीचं सांगितलं की स्टोरी राहत नाही. गोळी तर कुणीही घेतं. मेहनत खरी आहे ना त्यांची?”

मेहनत खरी होती. मी “हो” म्हणाले. मग त्यांनी जाता जाता सांगितलं की सगळ्या प्लांटमधून बेस्ट हेल्थ सेंटर म्हणून आपलं नाव चाललंय आणि सर्टिफिकेट त्याच कार्यक्रमात माझ्या हातात देणार आहेत.

आता खरं सांगायचं तर सगळंच सांगते. सव्वीस वर्षं मी त्या कंपनीत होते. सेफ्टीवाल्यांचे सत्कार झाले, कॅन्टीनवाल्याचा झाला, बागेत गुलाब लावले म्हणून माळ्याचा झाला. ओएचसीचं नाव कधी कुणी घेतलं नाही. दुखलं की सिस्टर, बरं झालं की कोण सिस्टर? मला ते सर्टिफिकेट हवं होतं. फार हवं होतं. म्हणून मी मूग गिळून गप्प बसले. लिहिलेलं भाषण मला आधी वाचायला दिलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलंय. पण भाषण वाचायला मिळालं नाही तरी कान होते ना मला. “कुठलीही गोळी न घेता” हे मी ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमानंतर मी घाईनं आप्पांना गाठायला गेले, पण त्यांना पाहुण्यांनी फोटोसाठी नेलं होतं. मग माझा फोटो झाला. मग बस लागली.

दोन दिवसांत राहूच्या चौकात फ्लेक्स लागला. पुतण्यानं आणि मंडळाच्या पोरांनी लावला होता. “राहू गावचे सुपुत्र, गोळीविना कोलेस्ट्रॉलवर मात करणारे आरोग्यदूत मा. नामदेवआप्पा कोळपे यांचे हार्दिक अभिनंदन.” खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेले अठरा फोटो. मध्ये कार्यक्रमातला फोटो, आप्पांच्या हातात एकशे अठ्ठ्याण्णव आणि अठ्ठ्याऐंशी लिहिलेला मोठा पुठ्ठा. मला कुणीतरी मोबाइलवर दाखवला, तेव्हा मी हसले. हसूच आलं. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं तर आपल्याकडं शिडी लगेच मिळते.

कार्यक्रम शनिवारचा होता. सोमवारी आप्पा गोळीला आले नाहीत. मंगळवारीही नाही. ड्रॉवरमध्ये तीन स्ट्रिपा तशाच.

आठ दिवसांनी मी त्यांना कॅन्टीनच्या रांगेत हळूच विचारलं. ते इकडंतिकडं बघून म्हणाले, “घेतो की. गावातल्या मेडिकलातनं आणलीय. आता घरीच घेतो.” मला बरं वाटलं. आता थोडा विचार करा. चिठ्ठी कुठं होती? माझ्या फाइलला. गोळीचं नाव आप्पांना पाठ होतं का? नव्हतं. ते तिला “ती पांढरी” म्हणायचे. मग गावातल्या मेडिकलातनं काय मागितलं असेल? हा प्रश्न पडायला नर्स असायची गरज नव्हती. पण आरोग्यदूत रोज सकाळी माझ्या दारात गोळीला उभा राहिलेला कुणी बघितला असता, तर माझ्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटचं काय झालं असतं? ते येत नव्हते हे माझ्याही सोयीचं होतं.

महिनाभरात पेंट शॉपमधला एक जण आला. बीपीची स्ट्रिप माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, सिस्टर, मी पण आता कोळपे आप्पांसारखं चालून कमी करणार. त्याला मी असा झापला की तो गोळी घेऊनच परत गेला. त्याला झापायला तोंड उघडलं. आप्पांना परत विचारायला नाही उघडलं.

जूनमध्ये पुन्हा वार्षिक मेडिकल. रक्त द्यायच्या दिवशी आप्पा आले ते चहा-बिस्किट खाऊन. मग उपाशीपोटीचा दुसरा दिवस दिला, तर त्या दिवशी रजा, इनामगावला बहिणीकडं नातवाचं जावळ. पुढं ऑडिट आलं. क्रेन ऑपरेटरांचे फिटनेस फॉर्म पूर्ण हवे होते. मी जानेवारीचा रिपोर्ट काढला, त्याची झेरॉक्स जोडली आणि सहीला ठेवला. अठ्ठ्याऐंशी तर होतं, सहा महिन्यांत काय फरक पडतोय? डॉक्टरांनी माझ्या भरवशावर सही केली. नोकरीत माझ्या हातून चुका झाल्यात, पण माहीत असून केलेली ही एकच.

आमच्याकडं म्हणतात, आजार येतो हत्तीच्या पावलानं आणि जातो मुंगीच्या. कोलेस्ट्रॉल येतं तेही मुंगीच्याच पावलानं. ताप नाही, दुखणं नाही, खुपणं नाही. आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी हत्ती दारात असतो.

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी नऊच्या सुमाराला आप्पा ओएचसीच्या दारात दिसले. शर्ट घामानं ओला, चेहरा राखेसारखा. म्हणाले, पित्त झालंय. मी हात धरून खाटेवर घेतलं, ईसीजी लावला, आणि कागद मशीनमधून बाहेर येत असतानाच मला कळलं. हार्ट अटॅक. डॉक्टरांचा वार नव्हता. फोन लावला, त्यांनी सांगितलेल्या गोळ्या चघळायला दिल्या, ऑक्सिजन तयार ठेवला, ॲम्ब्युलन्समध्ये मी स्वतः बसले.

वाटेत त्यांना विचारलं, कधीपासून दुखतंय? तर म्हणाले, साडेसातपासून. दीड तास. छातीत कळ येत असताना ते वर केबिनमध्ये बसून होते. हुकला डाय लागलेला होता. तो त्यांनी मशीनवर नेऊन ठेवला, रोजच्यासारखा, न आपटता. मग दुसरा ठेवला. मग लोखंडी शिडीवरून एकेक पायरी करत स्वतः खाली उतरले.

“आधी का नाही आलात हो?” मी जवळजवळ ओरडलेच.

ते डोळे मिटून म्हणाले, “ओएचसीत छाती धरून आलेला बघितला असता मला, तर लोक काय म्हनले असते?”

शिक्रापूरच्या चौकात कंटेनर अडकला होता. सायरन वाजतोय आणि पुढं ट्रकांची भिंत. किती मिनिटं गेली मी मोजली नाहीत, मी फक्त त्यांचं मनगट धरून बसले होते. पुण्यात पोचलो, लगेच अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे बंद नळी आतून उघडून तिथं जाळी बसवली. जीव वाचला. पण हृदयाच्या स्नायूला रक्त जितका वेळ मिळत नाही, तितका तो मरत जातो, आणि मेलेला परत येत नाही. पंपिंग, म्हणजे एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं ते, साधारण साठ टक्के असतं. आप्पांचं पस्तीसवर आलं. त्या दिवशीच्या रक्तात एलडीएल होतं दोनशे चार.

क्रेन गेली. शिडी चढायला कायमची बंदी. त्यांना टूल स्टोअरमध्ये खुर्चीवर बसवायचं ठरलं.

महिन्याभरानं मी रविवारी राहूला गेले. आदल्या दिवशी ओएचसीतून निघताना ड्रॉवरमधल्या त्या तीन स्ट्रिपा पर्समध्ये टाकल्या होत्या, का ते मला माहीत नाही. गुऱ्हाळं चालू झाली होती, सगळ्या रस्त्याला काकवीचा वास. आप्पा ओसरीवर खाटेवर बसले होते. गयाबाईंनी कोरा चहा दिला आणि त्या न बोलता आत गेल्या. त्यांनी भांडण काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, आप्पा, माझी चूक झाली. तुम्ही लाजेपायी गोळी सोडली. फ्लेक्स लागला, सगळ्या गावात झालं, मग गोळी घेताना कुणी बघेल म्हणून तुम्ही माझ्याकडं यायचे बंद झालात. मी तेव्हाच तुमच्यामागं लागायला हवं होतं.

ते जरा आश्चर्यानं माझ्याकडं वळले. मग म्हणाले, “लाजंपायी न्हाई, सिस्टर. लाज नंतरची. फ्लेक्स लागायच्या आधीच म्या गोळी सोडलीती.”

“मग?”

“सायेब माईकवर म्हनले, गोळी न घेता. म्या तुमच्याकडं बघितलं. म्हनलं, सिस्टर आता बोलतील. तुमी कुनाला भीत न्हाई, म्यानेजरला बी नडता. तर तुमी टाळ्या वाजिवल्या. मला वाटलं, म्हंजी गोळीचं काय न्हवतंच त्यात, आपलं चालन्यानंच झालंय. सिस्टरला कळतंय ना, तवा बरोबरच आसंल.”

त्यांचा आवाज साधा होता, तक्रारीचा नव्हता. मी कॅन्टीनच्या रांगेत विचारलं तेव्हा त्यांना पहिली शंका आली होती, जूनमध्ये ती वाढली, म्हणूनच ते मुद्दाम बिस्किट खाऊन आले होते, असंही त्यांनी सांगून टाकलं. पण तोवर फ्लेक्स लागला होता, पाहुणेरावळे सल्ला विचारायला येत होते, आणि मागं फिरायचं कसं ते कळत नव्हतं. मग तेच मला समजावायला लागले की व्हायचं ते होतं, भावापेक्षा तरी दोन-तीन वर्षं जास्त बघितली. मी चहा संपवला. स्ट्रिपा पर्समध्येच राहिल्या. त्यांच्या उशाशी आता औषधांचा डबाच होता, सात खणांचा, गयाबाईंनी वारांची नावं लिहिलेला.

परत येताना चौकात तो फ्लेक्स दिसला. उन्हानं फिका झाला होता आणि एका बाजूनं सुटून फडफडत होता. दोन्ही आकडे मात्र वाचता येत होते.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये मी रिटायर झाले. निरोप समारंभ त्याच हॉलमध्ये. निखिल सर तोवर दुसऱ्या कंपनीत गेले होते. समोरच्या रांगेत, टूल स्टोअरची माणसं बसतात तिथं, आप्पा होते. शाल झाली, नारळ झाला, आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पर्समधून तीन कागद काढले आणि क्रमानं वाचले. एकशे अठ्ठ्याण्णव. एकशे एकाहत्तर. अठ्ठ्याऐंशी. मग म्हणाले, “पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत आप्पांची मेहनत होती. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत मेहनत होती आणि गोळीही होती. गोळी चालू असताना रिपोर्ट नॉर्मल आला, तर ती गोळी चालू ठेवायची असते. हे मला माहीत होतं आणि मी याच स्टेजवर उभी राहून सांगितलं नाही.”

आप्पांनी मान खाली घातली होती, पहिल्या वेळी घातली होती तशीच. मग मागून कुणीतरी सुरुवात केली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडं माईकवरचा माणूस थांबला की टाळ्या वाजवतात, तो काय बोलला याच्याशी त्याचा संबंध नसतो. हे आप्पांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी घड्याळात बघितलं नाही, पण ते सगळं बोलायला मला एक मिनिटही लागलं नसेल. पावणेदोन वर्षांपूर्वीही तेवढंच लागलं असतं.